दगडी कोरीवकामाची हौस घरचा धंदा कशी करावी

मराठवाड्यात दगडाला तोटा नाही, आणि दगडात हात असणाऱ्यांनाही नाही. कुणी पाथरवटाच्या घरातला, कुणी वडार वस्तीवरचा, कुणी जिल्हा परिषद शाळेत शिकवून सुट्टीत अंगणात मारुती घडवणारा. गावात कौतुक होते, मोबाइलवर फोटो फिरतात आणि मग घरातच विषय निघतो, की एवढा हात चांगला आहे तर याचा धंदा का करू नये?

करता येतो. पण एक अट पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. छिन्नी धरणारा एकटा काम करत नाही. बायको घासाई करते, मुलगी अक्षरे आखते, भाऊ माल पोचवतो, वडील गिऱ्हाइकाशी बोलतात. या सगळ्यांचे तास वहीत लिहिले पाहिजेत आणि भावात आले पाहिजेत. हौशी माणूस दगडाचे पैसे घेतो आणि वेळ फुकट देतो. घरातल्या चौघांचा वेळ असा फुकट जायला लागला, की वर्षभरात छिन्नी कोपऱ्यात पडते आणि घरात कुरबुर सुरू होते.

सुरुवात मूर्तीने करू नका

हात शिवशिवतो तो मूर्तीसाठी, हे खरे. पण पहिले वर्ष चालते ते खलबत्ता, पाटा-वरवंटा, लहान जाते, पादुका, छोटी पिंड, तुळशी वृंदावन आणि घराच्या दारावरचे नामफलक यांवर. या वस्तू पुन्हा पुन्हा करता येतात, त्यामुळे किती तास लागतात ते पक्के कळते. एखादी बिघडली तर दोन दिवस जातात, दोन महिने नाही. शिवाय गिऱ्हाइकाला त्यांचा भाव ठाऊक असतो, देवाच्या मूर्तीचा नसतो.

आणखी एक काम फार जण कमी लेखतात: जुन्या पाट्याला, जात्याला टाकी लावणे, म्हणजे छिन्नीने टोचून तो पुन्हा खडबडीत करणे. मिक्सर आले तरी पुरणाचा पाटा, वाटणाचा दगड खेड्यात आणि आता शहरातही टिकून आहे. गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही. टाकी लावायला भांडवल लागत नाही, तासाभरात रोख पैसे मिळतात आणि तुम्ही थेट लोकांच्या स्वयंपाकघरात पोचता. ज्या घरात टाकी लावली त्याच घरातून पुढे वास्तुशांतीच्या वेळी नामफलकाची मागणी येते.

खाण्याशी संबंध असलेल्या वस्तूंना पॉलिशचे मेण, काळा रंग, रसायन काहीही लावू नका. काळेभोर दिसावे म्हणून रंग चोपडून विकणारे आहेत. पहिल्याच वाटणात तो रंग चटणीत उतरतो. नवा पाटा द्यायच्या आधी घरीच भिजवलेले तांदूळ त्यावर तीन-चार वेळा वाटून फेकून द्या, कच निघायची थांबेपर्यंत. हे काम घरातल्या बायकांना अचूक जमते, कारण कच राहिली की नाही हे बोटाला आधी कळते.

दगड पारखणे

आपला बहुतेक दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन थरावर थर बसलेला काळा पाषाण. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात आठव्या शतकात वरून खाली कोरत नेले. पण सगळा काळा दगड कामाचा नसतो. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ, पोकळ्यांचा आणि पांढऱ्या गारगोट्यांचा थर कोरीवकामाला नको. गारगोटी छिन्नीखाली आली की ती एकतर उडते नाहीतर छिन्नीचे टोक खाते, आणि नेमकी नाकाच्या शेंड्यावर आली तर विषयच संपला. नांदेडच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट आहे. तो जास्त कठीण, हत्यारे लवकर खाणारा आणि धुळीने जास्त घातक.

निवड अशी करा. दगड जमिनीवरून थोडा उचलून लाकडावर ठेवा आणि हातोडीने हलकेच वाजवा. घंटेसारखा नाद आला तर आतून सलग. बसका, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आत भेग आहे. मग बादलीभर पाणी ओतून उन्हात ठेवा. पृष्ठभाग सुकतो, पण केसाएवढी भेग असली तरी तिची ओली रेघ मागे राहते. ती रेघ खडूने आखा आणि नकाशा असा बसवा, की भेग कापून टाकायच्या भागात जाईल. पैसे देण्याआधी ही परीक्षा करा. खाणवाल्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

वजन आधी काढायला शिका. घट्ट बेसॉल्टचा एक घनफूट साधारण ८० ते ८५ किलो भरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच नंदीचा ठोकळा म्हणजे तीन घनफूट, अडीचशे किलोंच्या आसपास. घरातल्या दोन माणसांनी तो हलवायला जाऊ नये. तिपाई आणि चेन ब्लॉकचा (वजन उचलणाऱ्या साखळी-कप्पीचा) खर्च पाठदुखीच्या खर्चापेक्षा कमी येतो.

नाल्यातला, गायरानातला किंवा कुणाच्या वावरातला दगड "पडून तर आहे" म्हणून उचलू नका. दगड हे गौण खनिज आहे. परवान्याशिवाय काढला, वाहिला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही अडकते. परवानाधारक खाणीतून घ्या, पावती आणि वाहतूक पास जपून ठेवा. आणि पारावरची जुनी वीरगळ, पडक्या मंदिराचा कोरीव चिरा यांना तर हातही लावू नका, गावाने आग्रह केला तरी. शंभर वर्षांवरचे शिल्प पुरावस्तू ठरते आणि त्याचा कायदा वेगळा आहे.

अवजारे, शेड आणि वीज

पहिल्या वर्षी लागते ते एवढेच: सुमारे एक किलोचा आणि दीड किलोचा हातोडा, कार्बाइड टोकाच्या तीन-चार छिन्न्या, गावच्या लोहाराकडून पाणी देऊन (तापवून, पाण्यात बुडवून कडक करून) घेतलेल्या साध्या पोलादी छिन्न्या, गुण्या, ओळंबा, चार इंची ग्राइंडर आणि चांगल्या प्रतीचे डायमंड ब्लेड. हवेवर चालणारी छिन्नी नंतर घ्या, ऑर्डरी सलग यायला लागल्यावर. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून फुलते. ती फुललेली कड वेळच्या वेळी घासून काढा, नाहीतर एखादा तुकडा उडून डोळ्यात जातो. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करणारे गावोगाव दिसतात. तुम्ही काढू नका.

शेड घरापासून वेगळी आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. विजेसाठी स्वतंत्र औद्योगिक मीटर घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर ग्राइंडर चालवणे म्हणजे विजेचा अनधिकृत वापर. महावितरणची तपासणी झाली तर वर्षाची कमाई दंडात जाते. आपल्याकडचे ऊन आणि भारनियमन पाहता उन्हाळ्यात पहाटे सहा ते अकरा छिन्नीचे काम, दुपारी सावलीत आखणी आणि घासाई, आणि वीज असेल तेव्हा कापणी, असे वेळापत्रक बसते.

धूळ

या भागावर घाईने पुढे जाऊ नका. दगडाच्या बारीक धुळीतली मोकळी सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि वर्षानुवर्षे कळतही नाही. वालुकाश्म बहुतांशी क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकेचाच, ग्रॅनाइटमध्येही ते भरपूर. बेसॉल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ फार थोडे असते, पण गारगोट्या असलेला दगड कापताना ती सवलत राहत नाही. म्हणून कापणी पाणी सोडून ओलीच करायची. मात्र ओल्या कामात वीज आणि पाणी एकत्र येतात, तेव्हा धक्का लागताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवलाच पाहिजे. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. किमान एन-९५ मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा.

घरचा धंदा म्हणून दोन नियम जास्तीचे. कामाचे कपडे शेडमध्येच बदलायचे, ते घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत आणि झटकायचेही नाहीत. आणि लेकरांना कापणी-घासाईपासून लांब ठेवायचे. घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावायची मुभा कायदा देतो, पण धोक्याच्या कामांना ती लागू नाही. मुलांना आखणी शिकवा, फोटो काढायला सांगा. मोठ्यांनी वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढावा, आणि डॉक्टरला "मी दगडाचे काम करतो" हे स्वतःहून सांगावे.

भाव कसा काढायचा

उदाहरणाला दीड फूट बाय एक फूट, दीड इंच जाडीचा नामफलक घेऊ. वजन साधारण १५ किलो. बेसॉल्टची एक गंमत नामफलकात कामी येते: घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग काळा दिसतो आणि छिन्नी लागलेली जागा राखाडी-पांढरी. म्हणून आधी पूर्ण तोंड साठ, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे अशा चढत्या नंबरच्या घासदगडांनी पाण्यासह घासून घ्यायचे आणि अक्षरे शेवटी कोरायची. अक्षर उजळ उमटते, रंग भरावा लागत नाही आणि दोन पावसाळ्यांनी रंग उडाल्याची तक्रारही येत नाही. देवनागरीत शिरोरेघ आधी कोरू नका. दंड आणि गाठी कोरून झाल्यावर शिरोरेघ ओढली, तर कोपरे तुटत नाहीत.

आता हिशेब. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गावचे दर घाला. कोरणाऱ्याचे १२ तास, तासाला १२५ रुपये: १,५०० रुपये. आखणी आणि घासाई ५ तास, तासाला ७५: ३७५. दगड ३००. ब्लेड, छिन्नीची झीज आणि वीज १५०. बेरीज २,३२५. यावर तुटफुटीसाठी दहा टक्के, म्हणजे २३२. पॅकिंग आणि पोचवणे २००. एकूण २,७५७. हा झाला खर्च. वीस टक्के नफा धरला तर भाव ३,३०० रुपयांच्या घरात जातो.

हौशी माणूस हाच फलक बाराशेला देतो आणि खूश असतो, कारण ३०० रुपयांच्या दगडाचे बाराशे आले असे त्याला वाटते. त्यातले ३७५ रुपये बायकोचे आणि मुलीचे होते, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून दर शनिवारी वही उघडा आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावासमोर त्याची मजुरी मांडा, शक्य असेल तर त्याच्या त्याच्या खात्यावर टाका. उरला तो नफा, आणि नफ्यातूनच पुढची मशीन.

देवाचे काम घेताना

दुसऱ्या वर्षी गावची जीर्णोद्धार समिती दारात येईल. हे काम मानाचे आहे, पैशाचेही आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळे यातच होतात. बोलणे ठरलेले असते: "आप्पा, देवाचं काम आहे, पैशाचं काय घेऊन बसलात!" यावर रागवायचे नाही. "देवासाठी माझ्याकडून अमुक रुपये वर्गणी लिहा, मूर्तीचा भाव वेगळा," असे हसून सांगायचे. वर्गणीची पावती घ्यायची. देणगी आणि सवलत यांची सरमिसळ झाली, की शेजारचे गाव सवलतीचाच भाव मागते.

माप घ्यायला स्वतः जा. गाभाऱ्याच्या दाराची रुंदी आणि उंची आधी मोजा, चौथरा नंतर. जुन्या हेमाडपंती मंदिरांची दारे ठेंगणी असतात आणि आत वळायला जागा नसते. मूर्ती तयार झाल्यावर ती दारातून जात नाही हे कळले तर दार फोडता येत नाही आणि मूर्ती कापता येत नाही. पिंडीचे काम असेल तर शाळुंकेचे तोंड कुठल्या दिशेला जाणार, बहुतेक ठिकाणी ते उत्तरेला असते, आणि पाणी बाहेर जायला जागा आहे का, हे तिथेच पाहून घ्या. मूर्तीचे रूप समितीकडून कागदावर सहीनिशी घ्या. विष्णूच्या चार हातांतली आयुधे बदलली की मूर्तीचे नाव बदलते. बुद्धमूर्तीची मागणी मराठवाड्यात मोठी आहे. तिथे ध्यानमुद्रा हवी, भूमिस्पर्श हवी की अभय, हे विहारातल्या जाणत्यांना विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने नाही.

पहिल्या मूर्ती निवडताना विठ्ठल सोपा पडतो. हात कमरेवर, अंग एकसंध. कोपर आणि कंबर यांच्यामधला दगड आरपार काढला नाही तरी चालतो. नंदी घडवताना शिंगे आणि कान डोक्याला चिकटून ठेवा. कानाच्या मागचा दगड अगदी शेवटपर्यंत काढू नका. तो आधार आहे म्हणूनच कानाची पाळ पातळ करता येते. कानावर काम करताना घाव नेहमी डोक्याच्या दिशेने घालायचे, शेंड्याकडे नाही. शेवटच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागी हातोडा बाजूला ठेवून फक्त घासदगड चालवायचा. एक टवका उडाला तर देवळाच्या दृष्टीने मूर्ती खंडित. ॲरल्डाइटमध्ये दगडाची पूड कालवून चिकटवण्याचा मोह होतो. पहिल्या अभिषेकांनी सांधा उघडा पडतो आणि पंचक्रोशीत नाव जाते.

पैसे तीन हप्त्यांत: दगड आणण्याआधी चाळीस टक्के, आकार दिसू लागल्यावर तीस, आणि गाडीत चढवण्याआधी बाकीचे तीस. प्राणप्रतिष्ठेनंतर देतो म्हणणाऱ्या समितीकडे नंतर मांडववाल्याचे, आचाऱ्याचे, भजनी मंडळाचे देणे आधी निघते. ठरलेल्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी मूर्ती तयार ठेवा. मुहूर्त पुढे ढकलता येत नाही.

हात पक्का करायचा तर पाहायला जा. औंढा नागनाथ, देगलूर तालुक्यातले होट्टल, निलंग्याचे नीलकंठेश्वर, बीडचे कंकाळेश्वर, धर्मापुरीचे केदारेश्वर. दिवसभरात जाऊन येता येते. पूर्ण मूर्तींपेक्षा अर्धवट राहिलेले किंवा झिजलेले कोपरे जास्त शिकवतात, कारण छिन्नीच्या खुणा तिथे दिसतात.

कागदपत्रे

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे काढा.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार-दगड कोरणारे आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि तारणाशिवाय पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. त्यामुळे अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे घरात बसून ठरवा. सरकारी नोकर आणि त्याचे कुटुंब यात बसत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या मास्तरांच्या घराला हा दरवाजा बंद, शिवाय घरचे कुणी धंदा करत असेल तर तो कार्यालयाला कळवावा लागतो. मोठी मशीन घ्यायची असेल तर पीएमईजीपी ही नव्या उद्योगाला अनुदानासह कर्ज देणारी केंद्राची योजना पाहा. पण गेल्या पाच वर्षांत ते कर्ज घेतले असेल तर विश्वकर्मा मिळत नाही, तेव्हा आधी कशाला हात घालायचा ते ठरवूनच अर्ज करा.

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. दगडी देवमूर्तींना २०१८ पासून जीएसटी माफ आहे, शोभेच्या कोरीव वस्तूंना नाही. म्हणून बिलावर दोन्ही वेगळे लिहा. भाऊ-भाऊ मिळून करणार असाल तर भागीदारीपत्र करा. मशीन कुणाची, कुणी बाहेर पडला तर काय, एवढे दोन मुद्दे तरी त्यात हवेतच. गोडी असते तेव्हाच हे लिहून होते.

वेरूळ किंवा औंढ्याजवळ दुकान टाकायचे मनात असेल तर जागा घेण्याआधी संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासूनचे अंतर मोजून घ्या: राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. जुन्या शैलीची प्रतिकृती परदेशी पाहुण्याला विकलीत तर बिलावर "नवीन हस्तकला" असे स्पष्ट लिहा. विमानतळावर ती पुरावस्तू नाही याचा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि तो पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. पर्यटकासाठी दोन किलोंच्या आतल्या वस्तू ठेवा.

हंगाम धरून चाला

मराठवाड्यात पैसा सोयाबीन आणि कापसाबरोबर येतो. दिवाळीच्या आसपास लोक घराचे, देवळाचे ठरवतात, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि ज्येष्ठापर्यंत मूर्ती, फलक, वृंदावने यांची घाई असते. चातुर्मासात प्रतिष्ठा सहसा होत नाहीत. त्या चार महिन्यांत रिकामे बसू नका. श्रावणासाठी छोट्या पिंडी, दिवाळीसाठी पाटा-वरवंटे आणि खलबत्ते करून ठेवा. घरातली बाई बचत गटात असेल तर उमेदच्या (बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या अभियानाच्या) महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जागा मागा. तिथे शहरातले गिऱ्हाईक दगडी खलबत्त्याला गावापेक्षा चांगला भाव देते.

माल पाठवताना छोट्या हत्ती टेम्पोत खाली उसाचे पाचट किंवा सोयाबीनच्या भुसकटाच्या गोण्या, कडेने जुन्या टायरच्या ट्यूब, आणि मूर्तीचे तोंड गाडीच्या केबिनकडे. उतरवून घेतल्यावर तिथेच सगळ्या बाजूंनी फोटो काढायचा आणि पोचपावतीवर सही घ्यायची. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी देवळांची वर्गणी आटते, पण टाकी लावायचे काम आणि नामफलक थोडेफार चालूच राहतात. म्हणून मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या तरी ही दोन कामे सोडायची नाहीत.